आर-टाइपची तिसरी लेव्हल
कुणीतरी म्हणालंय, आर-टाइप या विमानातून गोळीबार करायच्या जुन्या व्हिडिओ गेममध्ये तिसऱ्या लेव्हलचा बॉस, म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू, अगदी शेवटी येतो. भावा, तिथं अख्खी लेव्हलच बॉस! पडद्यात न मावणारं एकच अवकाशजहाज, आणि आपण त्याच्या पोटाखालून, पाठीवरून फिरत एकेक तोफ उडवायची. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये माझी रुपयाची नाणी तिथंच संपायची.

परवा रविवारी परत खेळलो. तेव्हाची चूक आत्ता कळली. फोर्स, म्हणजे विमानाला पुढं किंवा मागं चिकटवता येणारा गोळा, मी कायम पुढंच चिकटवून ठेवायचो. मागं लावला की मागच्या तोफाही टिपता येतात, अंगावर येणाऱ्या गोळ्या तोच अडवतो. तरी मेलोच. सगळी शस्त्रं गायब, चेकपॉइंटपासून नुसतं उघडं विमान. १९८७ चा गेम, दयामाया नाहीच. तोवर पुढ्यातली मिसळ गार.