मदत हवी आहे: एकाच वेळी बोलणारी पात्रं आणि अर्धवट पेटणारी पाटी

नमस्कार मंडळी. फोंड्यातला आमचा हौशी गट अमेरिकन नाटककार लॅनफर्ड विल्सनचं 'द हॉट एल बाल्टिमोर' मराठीत करायचं म्हणतोय. १९७३ चं नाटक, न्यूयॉर्कला हजारावर प्रयोग झालेलं. एका पडक्या हॉटेलची लॉबी, इमारत पाडणार म्हणून सगळ्यांना खोल्या सोडायच्या नोटिसा, आणि एका दिवसात काय घडतं ते. जागा बाल्टिमोरच ठेवणार; पणजीतलं जुनं लॉज करा असा आग्रह झाला, पण आगगाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ असलेली ती बिननावाची मुलगी मग कुठं बसवू?

खरी अडचण संवादांची. एका कोपऱ्यात म्हातारा नि पोरगा सोंगट्यांवरून भांडतायत, त्याच वेळी काउंटरवर दुसराच विषय. तालमीत नुसता कल्ला होतो. आपल्या नटांना समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायची सवय (विंगेतून वाक्यं पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरच्या जमान्याची देणगी!). कुणी असं बसवलंय का? कुठलं वाक्य वर काढायचं, कुठलं दाबायचं, हे संहितेतच खुणावून ठेवता की उभं राहिल्यावर ठरवता? फोंड्याच्या कला मंदिरात माइक कुठं लावावेत?

दुसरं, पाटीवरच्या इंग्रजी HOTEL मधला 'ई' जळालेला हवा (नाटकाचं नाव त्यावरूनच), बाकी अक्षरं लुकलुकती. एलईडी निऑनची पट्टी डिमरवर नीट मंद होते का, की फडफडते?

आणि भाषांतराची लेखी परवानगी अमेरिकेतून कुणी आणली असेल तर किती आधी अर्ज करावा तेही सांगा. ती आल्याशिवाय तारीख घेणार नाही.