पीसीओडी असलेल्या लेकीसाठी घरचं फ्राइड चिकन: पीठ कुठलं, तेल कुठलं?

मीठमिरची: लेक १९ वर्षांची, पीसीओडी (बीजकोशाचा, हार्मोनचा त्रास) आहे. डॉक्टरांनी वजन थोडं उतरवायला आणि मैदा-साखर कमी करायला सांगितलंय. बाकी सगळं ऐकते, पण बाहेरचं ते बादलीतलं चिकन सुटत नाही. म्हटलं घरीच करावं. मैद्याऐवजी काय घालू? एअर फ्रायर घेण्यासारखा आहे का? सासूबाई म्हणतात, ब्रॉयलरला इंजेक्शनं देतात, त्यानेच मुलींचं बिघडतं. गावरान आणू का?

कढईकाकू: गावरान रश्श्याला ठेव गं, तळलं की चिवट लागतं. ब्रॉयलरच्या तंगड्या आण, कातडी काढून. दही, आलं-लसूण, तिखट, हळद, मीठ लावून रात्रभर फ्रीजमध्ये. पीठ म्हणशील तर दोन वाट्या बेसन, एक वाटी ज्वारीचं, आणि कुरकुरीतपणासाठी मूठभर तांदळाची पिठी. दही निथळून तुकडे कोरड्या पिठात दाबून घोळव आणि पंधरा मिनिटं तसेच ठेव. ही पंधरा मिनिटं चुकवलीस तर सगळं आवरण कढईत सुटतं. आच मध्यम. आधी तेल जोरात चुरचुरतं, मग बुडबुडे बारीक होऊन आवाज बसतो. तेव्हा एक तुकडा काढून हाडापाशी सुरी खुपसून बघ, लाल पाणी आलं तर अजून कच्चं आहे.

शंकासूर: इंजेक्शनचं काही खरं नाही. वाढीचं हार्मोन हे प्रथिन, खाद्यातून दिलं तर पचूनच जाईल. आणि हजारो पक्ष्यांना टोचत बसायला पोल्ट्रीवाल्याला वेळ कुठे? सहा आठवड्यांत पक्षी तयार होतो तो निवडलेल्या वाणामुळे आणि खाद्यामुळे. कोंबड्यांना अँटिबायोटिक देतात हे खरं, पण तो वेगळा विषय.

पथ्यपाणी: पीसीओडीत बऱ्याच जणींचं इन्सुलिन नीट काम करत नाही. मग शरीर ते जास्त बनवतं, आणि त्यामुळे बीजकोशात अँड्रोजेन (पुरुषी हार्मोन) वाढतं. हनुवटीवरचे केस, मुरुमं, लांबलेली पाळी, हे सगळं त्याच्याशी जोडलेलं. म्हणून मला चिकनपेक्षा त्याच्यासोबतच्या कोल्ड्रिंक आणि फ्राइजचीच जास्त धास्ती वाटते. सोबत काकडीची कोशिंबीर, कांदा, लिंबू द्या.

खवय्या७७: फ्राइड ते फ्राइडच. महिन्यातून एकदा मनसोक्त खाऊ द्या की!

मीठमिरची: @खवय्या७७ महिन्यातून एकदा असतं तर धागा कशाला काढला असता 😄 तळून उरलेलं तेल परत वापरलं तर चालेल?

कढईकाकू: गाळून एकदा फोडणीला, तेही दोन दिवसांत. काळपट झालं किंवा वास आला की टाकून दे. डालडा नको, रिफाइंड शेंगदाणा तेल घे.

पथ्यपाणी: एअर फ्रायर असेल तर वापरा, पण यासाठी मुद्दाम घेऊ नका. ओव्हनमध्ये २०० अंशांवर जाळीवर ठेवून, वरून तेलाचा हात फिरवला तरी छान होतं. फक्त त्यात कोरडं पीठ पांढरंच राहतं, म्हणून आधी पिठातच चमचाभर तेल चोळून घ्या.

मीठमिरची: ओव्हन आहे! शनिवारी अर्धं तळते, अर्धं भाजते. तिला सांगणार नाही कुठलं कुठलं ते.