पिस्तूल घेऊन न्यूयॉर्कमार्गे व्हरमॉन्टला जाणे

प्रश्न: मी ग्रीन कार्डधारक असून पेनसिल्व्हेनियात राहतो. नेमबाजीसाठी स्वतःचे पिस्तूल घेऊन न्यूयॉर्कमार्गे मोटारीने व्हरमॉन्टला जायचे आहे. माझा पेनसिल्व्हेनियाचा परवाना वाटेत चालेल का?

सुहास: नाही. न्यूयॉर्क इतर राज्यांचे परवाने मानत नाही. मात्र १९८६ च्या संघीय कायद्यानुसार, निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी शस्त्र बाळगणे तुमच्यासाठी कायदेशीर असेल, तर ते रिकामे करून, गोळ्यांसह हाताशी येणार नाही अशा रीतीने डिकीत ठेवून नेता येते. स्वतंत्र डिकी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटी लागते; ग्लव्ह बॉक्स त्यासाठी चालत नाही.

मेधा: वाटेत मुक्काम करू नका, ही कळकळीची विनंती. पुढचे विमान चुकल्याने नेवार्कला सामानासह हॉटेलात राहिलेल्या एका प्रवाशाला अटक झाली होती, आणि रात्रभर शस्त्र त्याच्या हाताशी असल्याने २०१० मध्ये अपील न्यायालयानेही त्याला या कायद्याचे संरक्षण नाकारले. माझ्या मते हा निकाल फार कठोर आहे, पण तो लक्षात ठेवावाच लागतो.

अविनाश: व्हरमॉन्टमध्ये २०१८ पासून पिस्तुलाच्या मॅगझिनला १५ गोळ्यांची मर्यादा आहे, तेही तपासा. सोबत एच-१बी व्हिसावरील मित्र असल्यास पेटीची किल्ली त्याच्याकडे देऊ नका. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता त्याला शस्त्र बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे.