दहा हजारांत गिटार: आपल्या उन्हाळ्याचाही विचार करा
दहा हजारांत सॉलिड टॉपची (वरची फळी अख्ख्या लाकडाची) गिटार घ्यावी की लॅमिनेटेड (पातळ थर चिकटवून केलेली), असं विचारलंय. नागपूरसाठी लॅमिनेटेडच घ्या. मे महिन्यात 45 अंशांच्या कोरड्या हवेत सॉलिड लाकूड आकसतं आणि टॉपला चीर जाते. लॅमिनेटेडला तो धोका कमी. यामाहा एफ310 हे गिटारचं मॉडेल याच लॅमिनेटेड प्रकारातलं.

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात बघायला जाल तेव्हा मोजपट्टी न्या. बाराव्या फ्रेटवर (तारांखालच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) जाड सहावी तार अडीच मिलिमीटरपर्यंत वर असेल तर ठीक, चार असेल तर बोटं सोलून निघतील. तिथेच हार्मोनिक वाजवा, म्हणजे तार न दाबता बोट नुसतं टेकवून छेडा, मग तार दाबून वाजवा. ट्यूनरवर (सूर दाखवणारं यंत्र) दोन्ही सूर जुळायलाच हवेत. नेकच्या, म्हणजे गिटारच्या लांब मानेच्या कडेवरून अंगठा फिरवा. फ्रेटची टोकं टोचली, तर फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी) सुकलाय.

आणि घरी कूलरच्या ओल्या झोतात ठेवू नका हो, ब्रिजचा (तारा अडकवलेली टॉपवरची पट्टी) जोड सुटू शकतो.