राउटर बदलला, मोबाइलवर नेट आहे, डेस्कटॉपवर नाही

रिकामटेकडी: जुना राउटर जळाला म्हणून नवीन बसवला. मोबाइल, टीव्ही लगेच चालू झाले. केबलने जोडलेला डेस्कटॉप (विंडोज १०) मात्र हटून बसलाय. केबलचा दिवा लुकलुकतो, पण 'नो इंटरनेट'. सेटिंगमध्ये पूर्वी कोणीतरी हाताने भरलेले आकडे आहेत: आयपी १९२.१६८.१.५०, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे आणि डीएनएस १९२.१६८.१.१. नव्या राउटरच्या बुडाशी स्टिकरवर १९२.१६८.०.१ आहे. हे आकडे पुसले तर प्रिंटर बंद पडेल का? भाऊ म्हणतो, विंडोज नव्याने टाक.

जुनी केबल: विंडोजला हात लावू नका, भावालाही लावू देऊ नका. तिसरा आकडा बघा: तुमच्याकडे १, राउटरकडे ०. त्या मास्कचा अर्थ असा की पहिले तीन आकडे जुळले तरच समोरचा आपल्याच घरातला. डेस्कटॉप गेटवेला, म्हणजे बाहेर जायच्या दाराला, १९२.१६८.१.१ वर हाका मारतोय आणि त्या पत्त्यावर आता कोणीच राहत नाही. मोबाइलने पत्ता राउटरकडूनच मागून घेतला (डीएचसीपी म्हणतात ते हेच), म्हणून त्याचं अडलं नाही.

अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ उघडा आणि 'ऑटोमॅटिकली' निवडा. त्या खिडकीत वर आयपीचा आणि खाली डीएनएसचा असे दोन वेगळे पर्याय असतात. लोक वरचा बदलतात आणि ओके करून मोकळे होतात. मग पत्ता मिळतो, ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला पिंगही (पोच तपासणारी हाक) जातं, पण एक साइट उघडेल तर शपथ, कारण साइटच्या नावाचा पत्ता विचारायला (डीएनएसचं काम हेच) मशीन अजून जुन्याच राउटरकडे जातंय. दोन्ही बदला.

नंतर कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग (ipconfig) चालवा. १९२.१६८.० ने सुरू होणारा पत्ता दिसला की झालं. १६९.२५४ ने सुरू होणारा दिसला तर राउटरने उत्तरच दिलेलं नाही. आधी केबल कुठल्या पोर्टात आहे ते बघा. वॅनच्या (बाहेरून नेट येतं त्या) पोर्टात नको, लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) हवी.

आडवाटेने: उलटंही करता येतं. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये त्याचाच पत्ता १९२.१६८.१.१ करा. १९२.१६८ चे पत्ते खासगी वापरासाठीच राखीव आहेत, बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. डेस्कटॉपला हातही लावावा लागणार नाही.

जुनी केबल: बरोबर, आणि घरात पाच-सहा जुनी यंत्रं असती तर मीही तेच केलं असतं. पण मग डीएचसीपीची रेंजही, म्हणजे राउटर कुठून कुठपर्यंतचे पत्ते वाटतो तेही, तपासा. तिच्यात ५० येत असेल तर राउटर एखाद्या दिवशी तोच पत्ता मोबाइलला देऊन बसेल, आणि दोघांचं भांडण शोधण्यात तुमची संध्याकाळ जाईल.

रिकामटेकडी: दोन्ही ऑटोमॅटिक केलं, १९२.१६८.०.१०३ मिळाला, नेट आलं! प्रिंटर 'ऑफलाइन' दाखवतोय.

जुनी केबल: त्याच्या पोटातही जुनाच पत्ता बसलेला असणार. प्रिंटरच्या पॅनेलवर नेटवर्कमध्ये जाऊन डीएचसीपी चालू करा. मग राउटरच्या 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये प्रिंटरचा कायमचा ओळख-क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस टाकून एक पत्ता कायमचा बांधून द्या. शेवटी विंडोजमध्ये प्रिंटरच्या पोर्टात तोच पत्ता भरा, नाहीतर प्रिंटर काढून परत जोडा. यापुढे ठरावीक पत्ते राउटरमध्येच ठेवा. एका जागी सापडतात.