अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीची रेघ १८५४ मध्ये पुसल्यामुळे झालं का?

गुलामगिरी हे या युद्धाचं मूळ, यावर वाद नाही. पण ती तर दोनशे वर्षं होती. मग भडका १८६१ लाच का? माझ्या मते १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्यामुळे. १८२० च्या मिसूरी तडजोडीने ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशावर रेघ आखली होती : लुइझियाना खरेदीच्या (फ्रान्सकडून विकत घेतलेल्या) मुलखात, मिसूरी वगळता, तिच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. डेमोक्रॅट सिनेटर स्टीफन डग्लस यांनी ती या कायद्याने पुसून निर्णय तिथल्या रहिवाशांच्या मतांवर सोडला. मार्च १८५५ मध्ये कॅन्ससात मतदार होते २,९०५ आणि मतं पडली ६,३०७! मिसूरीतून हत्यारबंद टोळ्या आल्या, मतं टाकून परत गेल्या. मग डेमोक्रॅटांचा जुना प्रतिस्पर्धी व्हिग पक्ष संपला, आणि १८६० ला अध्यक्षपदाचा उमेदवार निवडताना डेमोक्रॅटही फुटले. चार्ल्स्टनच्या अधिवेशनात उमेदवारीसाठी ३०३ पैकी २०२ मतं हवी होती. दक्षिणेचे प्रतिनिधी उठून गेले, तरी आकडा २०२ च राहिला. ५७ फेऱ्या झाल्या; डग्लस दीडशेच्या आसपासच अडकले. पक्ष एकसंध असता तर रिपब्लिकन पक्षाचे लिंकन निवडून आलेच नसते, आणि त्यांच्या निवडीनंतर दक्षिणेची राज्यं संघातून फुटली नसती.

प्रतिसाद १
असहमत. शेवटचं वाक्य तर हिशोबात टिकत नाही. लिंकनना जेमतेम ४० टक्के मतं होती, पण निर्वाचक मतं (राज्यवार मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी) १८०. गरज होती १५२ ची. तिन्ही विरोधकांची मतं राज्यवार एकत्र करून बघा. लिंकन फक्त कॅलिफोर्निया (४), ओरेगन (३) आणि न्यू जर्सीतली ४ मतं गमावतात. उरतात १६९. बाकी राज्यांत त्यांना निम्म्याहून जास्त मतं होतीच.

आणि ठिणगी १८५४ च्या आधीच पडली होती. १८५० चा फरारी गुलाम कायदा वाचा : पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्ष देता येत नाही, ज्यूरी नाही. निवाडा करणाऱ्या आयुक्ताने त्याला मालकाकडे धाडलं तर फी १० डॉलर, सोडलं तर ५. मदत करणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. गुलामगिरी ही दक्षिणेची खाजगी बाब आहे असं समजणाऱ्या बॉस्टनच्या माणसाच्या दारात ती या कायद्याने आणून ठेवली.

प्रतिसाद २
तुम्ही दोघं एकाच कारणाला धरून बसलात. आयातीवरची जकात आणि राज्यांचे हक्क कुठे गेले? मेरीलँड, केंटकी, मिसूरी, डेलावेअर ही गुलाम राखणारी राज्यं संघातच राहिली. व्हर्जिनिया तर फोर्ट सम्टर या किल्ल्यावर दक्षिणेने हल्ला केल्यानंतर लिंकननी ७५,००० सैनिक मागितल्यावर फुटलं. नुसत्या गुलामगिरीने हे उलगडत नाही.

प्रतिसाद ३
उलगडतं. १८६० च्या शिरगणतीत साउथ कॅरोलायनात ५७ टक्के लोक गुलाम होते, मिसिसिपीत ५५. डेलावेअरमध्ये दोन टक्केही नाहीत. पहिली फुटलेली सात राज्यं, मागाहून गेलेली चार आणि राहिलेली चार, याच क्रमाने हे प्रमाण एकंदरीत उतरत जातं. १८५७ चा जकात कायदा दक्षिणेला हवा तसा कमी दराचा होता. वाढीव जकातीवर सही झाली २ मार्च १८६१ ला, तोवर सातही राज्यं बाहेर होती. आणि राज्यांचे हक्क? साउथ कॅरोलायनाच्या जाहीरनाम्यात तक्रारच ही आहे की उत्तरेची राज्यं आपले कायदे करून फरारी गुलाम परत देत नाहीत.

धागाकर्ता
१६९ चा हिशोब मान्य, ते वाक्य मागे घेतो. पण डिसेंबर १८६० मध्ये सिनेटर क्रिटेंडन यांनी तीच रेघ पॅसिफिकपर्यंत न्यायचा प्रस्ताव मांडला, म्हणजे ती तुटल्याचं तेव्हाच्या लोकांनाही कळत होतं.

प्रतिसाद १
प्रस्ताव पूर्ण वाचा. त्यात पुढे मिळवल्या जाणाऱ्या मुलखाचाही समावेश होता, म्हणजे क्युबा घेऊन तिथेही गुलामगिरी चालवायची वाट मोकळी. रिपब्लिकनांनी तो नाकारला तो त्यामुळेही. शिवाय ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात १८५७ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं होतं की अशा मुलखात गुलामगिरीवर बंदी घालायचा अधिकार काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) नाहीच. डग्लसनी हात लावला नसता, तरी तुमची रेघ तीन वर्षांनी न्यायालयातच पुसली गेली असती.