समर फेलोशिप: सर म्हणतात, "शिफारसपत्र तूच लिहून आण." काय करू?

छत्रीवाली

नमस्कार मंडळी. मी एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे, पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका कॉलेजात. घर जुन्नर तालुक्यात, खोडदच्या जवळ. येत्या उन्हाळ्यासाठी दोन अर्ज करायचे ठरवलेत. एक तीन विज्ञान अकादम्यांची (बंगळुरूची आयएएससी, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी) एकत्रित समर रिसर्च फेलोशिप, दोन महिन्यांची. दुसरा आयुकाचा (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) व्हेकेशन स्टुडंट्स प्रोग्रॅम. आमच्या कॉलेजातून आजवर कोणी अर्ज केल्याचं ऐकिवात नाही, त्यामुळे विचारायला सीनियर नाहीत. म्हणून इथे.

पहिली अडचण शिफारसपत्राची. विभागप्रमुख मला या वर्षीपासून ओळखतात, ओळखतात म्हणजे हजेरीपटावर नाव आहे इतकंच. त्यांना विचारलं तर म्हणाले, "तूच लिहून आण, मी लेटरहेडवर सही करून देतो." बी.एस्सी.ला जे सर होते ते मला खरंच ओळखतात. प्रोजेक्ट त्यांच्याकडेच केला होता. पण ते सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) आहेत, पीएच.डी. अजून व्हायची आहे. त्यांच्या पत्राला काही वजन असेल का?

दुसरी अडचण: दोन महिन्यांत काय करायचंय ते साधारण अडीचशे शब्दांत लिहायचं असतं. माझी सुरुवात अशी आहे (मूळ इंग्रजीत): "लहानपणापासून मला आकाशाचं वेड आहे. जीएमआरटीच्या महाकाय तबकड्यांच्या सावलीत मी वाढले..." (जीएमआरटी म्हणजे खोडदची रेडिओ दुर्बीण.) वाचताना माझं मलाच कसंतरी होतंय.

आणि घरून प्रश्न आहे की पैसे किती भरावे लागतात. कृपया मार्गदर्शन करा.

---

तिरळा_बाण

सगळीकडे असंच चालतं. एआयला सांग, दोन मिनिटांत झकास पत्र देईल. सही घे आणि मोकळी हो.

---

निळावंती

तिरळा_बाण, झकास पत्रांचीच तर अडचण आहे. मी एका संशोधन संस्थेत आहे आणि दरवर्षी असे अर्ज चाळायचं काम माझ्याकडेही येतं. "हार्डवर्किंग, सिन्सिअर, क्विक लर्नर, पंक्चुअल" ही चौकडी इतक्या पत्रांत असते की डोळा तिथे थांबतच नाही. एकाच कॉलेजच्या तीन मुलांची पत्रं शब्दाला शब्द तीच, फक्त नाव बदललेलं, हेही पाहिलंय. एका ठिकाणी तर नाव बदलायचंही राहून गेलं होतं.

छत्रीवाली, पत्र स्वतः लिहू नका. नियमात न बसणं तर झालंच, पण त्यात तुमचंही नुकसान आहे. स्वतःबद्दल लिहिताना माणूस एक तर संकोचतो नाही तर फुगवतो, आणि भाषा तुमच्या निवेदनासारखीच येते. दोन्ही कागद शेजारी ठेवले की एकाच हातचे आहेत हे कळतं.

पत्र सीएचबीवाल्या सरांकडूनच घ्या. हुद्द्याला वजन नाही असं मी म्हणत नाही, पण ते असतं हुद्देवाल्याला तुमच्याबद्दल सांगण्यासारखं काही असेल तर. "ही मुलगी माझ्या वर्गात आहे आणि नियमित येते" यापेक्षा "हिने अमुक वाचन दोनदा तपासलं आणि मला येऊन सांगितलं की आकडा जुळत नाहीये" हे वाक्य कुणी का लिहीना, वाचणारा थांबतो. अकादम्यांच्या अर्जाला पत्र एकच लागतं, ते सरांचं द्या. जिथे दोन मागतील तिथे दुसरं विभागप्रमुखांचं.

आता तुमच्या प्रोजेक्टबद्दल सांगा. त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही, आणि सगळं तिथेच असावं असा मला संशय आहे.

---

छत्रीवाली

ताई, खूप आभार. प्रोजेक्ट साधा होता. बंद पडलेल्या डीटीएचची छत्री, तिचाच एलएनबी (छत्रीसमोरच्या दांडीवरचा सिग्नल पकडणारा डबा), सेट-टॉप बॉक्स आणि केबलवाले वापरतात तो सॅटेलाइट फाइंडर, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणारा काट्याचा मीटर. गच्चीवर लावून सूर्याचे रेडिओ सिग्नल पकडले. भिंतीकडे वळवली की काटा चढायचा, मोकळ्या आकाशाकडे केली की उतरायचा, सूर्यावर आणली की पुन्हा चढायचा. खर्च फक्त फाइंडरचा आणि वायरचा. म्हणून वाटलं की एवढ्या मोठ्या ठिकाणी हे काय सांगायचं.

---

निळावंती

हेच सांगायचं! आता मुलाखतीत विचारतील तेच विचारते. काटा चढला तो सूर्यामुळे, एखाद्या टीव्ही उपग्रहामुळे नाही, हे कशावरून?

आणि दुसरं. साठ सेंटिमीटरची छत्री असेल तर या फ्रीक्वेन्सीला तिचा बीम, म्हणजे तिला एका वेळी दिसणारा आकाशाचा तुकडा, साधारण ३ अंशांचा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. छत्री हलवली नाही तर सूर्य जेमतेम १२ मिनिटं बीममध्ये राहील. तुमचा काटा किती वेळ वर होता?

---

छत्रीवाली

उपग्रहाचं सोपं आहे. छत्री एका जागी घट्ट बांधून ठेवली होती. उपग्रह असता तर काटा वरच राहिला असता, कारण तो जागचा हलत नाही. आमचा काटा हळूहळू उतरला. नंतर छत्री पश्चिमेला थोडी पुढे नेली तेव्हा सूर्य तिथे पोचल्यावर परत चढला. शिवाय डिसेंबर होता, सूर्य उपग्रहांच्या पट्ट्यापासून बराच दक्षिणेला. सर म्हणाले होते की हे मार्चच्या सुरुवातीला केलं असतं तर दोन्हींची गल्लत झाली असती, तेव्हा सूर्य नेमका उपग्रहांच्या मागून जातो आणि टीव्हीचं चित्रही जातं.

छत्री नेमकी रोखायलाच दुपार गेली होती. ती ऑफसेट असते, म्हणजे दिसते त्यापेक्षा बरीच वर बघते. शेवटी एलएनबीची सावली छत्रीवर कुठे पडते ते बघून जमवलं.

वेळेचं मात्र कोडं आहे. वही काढून पाहिली. वीस मिनिटांच्या वर भरतात, १२ नाही. तेव्हा सरांना दाखवलं होतं. ते म्हणाले फाइंडरचा काटा सरळ प्रमाणात चालत नसेल, जोरदार सिग्नलला तो वरच अडकून बसत असेल. पण आमच्याकडे तपासायला काही नव्हतं.

---

निळावंती

झालं तुमचं निवेदन. "लहानपणापासून" आणि "महाकाय तबकड्या" दोन्ही काढा. खोडद आणि आसपास ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत हे अर्ज वाचणाऱ्याला माहीत आहे. तुमच्या गच्चीवर काय झालं ते त्याला माहीत नाही. असं काहीतरी, पण तुमच्या शब्दांत:

"डीटीएचची छत्री आणि सॅटेलाइट फाइंडर वापरून मी सूर्याचा ड्रिफ्ट स्कॅन घेतला, म्हणजे छत्री स्थिर ठेवून सूर्य बीममधून सरकू दिला. बीमच्या रुंदीवरून सिग्नल साधारण १२ मिनिटं टिकायला हवा होता, तो २० मिनिटांहून जास्त टिकला. डिटेक्टर रेषीय नसावा असा अंदाज आहे, पण तो पडताळण्याची साधनं आमच्याकडे नव्हती. या दोन महिन्यांत मला रिसीव्हरचं कॅलिब्रेशन शिकायचं आहे."

पुढच्या परिच्छेदात यासाठी काय वाचलंय, कोणते पेपर झालेत, पायथन वगैरे येतं का ते. येत नसेल तर येत नाही म्हणा. "ब्लॅक होल आणि डार्क मॅटरवर संशोधन करायचंय" हे वाक्य मोहात पाडतं, ते टाळा. दोन महिन्यांत ते होत नाही हे दोघांनाही ठाऊक असतं.

पैशांचं: काही भरायचं नाही, उलट अकादम्या दरमहा विद्यावेतन आणि जाण्यायेण्याचं रेल्वेभाडं देतात. "तुमची निवड झाली, रजिस्ट्रेशन फी भरा" असा मेल कुठूनही आला तर तो सरळ उडवा. आयुकाच्या प्रोग्रॅममध्ये काम चांगलं झालं तर पुढे तिथल्याच पीएच.डी.साठी आधीच निवड होण्याची वाट आहे, तेव्हा तो अर्ज हलक्यात घेऊ नका.

---

निवृत्त_मास्तर

थोडं मास्तरांच्या बाजूनेही. "तूच लिहून आण" म्हणणारा प्रत्येक जण कामचुकार नसतो. नॅकच्या फायली, पेपर तपासणी, दोन-दोन बॅचची प्रॅक्टिकल्स, वर कार्यालयाचे "आजच माहिती पाठवा" असे निरोप. शिवाय एक गोष्ट उघड बोलली जात नाही: अनेकांना इंग्रजीत मोकळेपणाने पानभर लिहायला जड जातं. शिकवतात उत्तम, पण पत्र म्हटलं की जुना नमुना शोधतात. मी स्वतः कितीतरी पत्रं लिहिली, आणि पोरगं काय करत होतं हे मला आठवावं म्हणून त्याच्याकडून आधी टिपण मागायचो.

तेव्हा मुली, तू असं कर. एका पानावर मुद्दे लिहून सरांना दे. प्रोजेक्ट कधी केला, काय अडलं, तू काय केलंस, सर तेव्हा काय म्हणाले. विशेषणं एकही नको. सोबत गुणपत्रकाची झेरॉक्स, फेलोशिपची माहिती आणि शेवटची तारीख ठळक अक्षरात. तारखेच्या आधी निदान पंधरा दिवस हातात असू देत. आणि वही घेऊन जा. ती वीस मिनिटांची नोंद पाहिली की त्यांना सगळं आठवेल. इंग्रजीचं अडलं तर त्यांनी मराठीत सांगावं, तू टाइप करावंस, त्यांनी दुरुस्त करावं. माझ्या मते यात काही गैर नाही.

---

निळावंती

मास्तर, मुद्द्यांच्या कागदाला शंभर टक्के अनुमोदन. टाइप करण्याबाबत मात्र माझं मत वेगळं आहे. पत्र गोपनीय असावं असं बहुतेक ठिकाणी गृहीत धरलेलं असतं. विद्यार्थिनी शेजारी बसली असेल तर सर मोकळं लिहिणार नाहीत, आणि "हिचं गणित थोडं कच्चं आहे पण भरून काढते" यासारखं वाक्यच कधीकधी पत्र खरं वाटायला लावतं. इंग्रजी साधं, मोडकं असलं तरी चालतं. आम्ही व्याकरण तपासत नाही.

---

निवृत्त_मास्तर

तुमचं बरोबर असेल, पण तुम्ही संस्थेतून बोलताय. तालुक्याच्या कॉलेजात बसून बघा, मग ठरवू.

---

ओतूरचा_पाहुणा

+१ मास्तर. बाकी, एम.एस्सी.ला आहेस तर नेट-जेआरएफ आणि जेस्ट या पीएच.डी.साठीच्या परीक्षांची तयारी आतापासून ठेव. जेआरएफला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आहेत. उन्हाळ्याच्या फेलोशिपवर सगळी भिस्त नको. आणि दोनच अर्ज का? टीआयएफआरचा उन्हाळी कार्यक्रम बघ, जीएमआरटी चालवणाऱ्या एनसीआरएचं पान बघ. तिथे तुझी छत्री लगेच कळेल लोकांना.

---

छत्रीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. आज बी.एस्सी.च्या सरांना वही आणि मुद्द्यांचा कागद दिला. लगेच हो म्हणाले, म्हणाले मीच लिहितो. टायपिंगचा विषयच निघाला नाही. :)

आता एकच शंका. अर्जात सरांचा ई-मेल भरायचा आहे. सीएचबीवर असल्यामुळे त्यांना कॉलेजचा ई-मेल मिळालेला नाही, साधा जीमेल आहे. चालेल का? आणि विभागप्रमुखांना नाही कसं सांगू? ते लेटरहेड काढून बसलेत.

---

निळावंती

फॉर्मवर "संस्थेचाच ई-मेल हवा" असं स्पष्ट लिहिलं नसेल तर जीमेल चालतो. सरांना पत्रात पहिल्या दोन ओळींत सांगू द्या की ते कोणत्या कॉलेजात काय शिकवतात आणि तुम्हाला कधीपासून ओळखतात. खाली सही, शिक्का, फोन नंबर. शिक्क्यासाठी तिथल्या प्राचार्यांकडे जावं लागेल, ते शेवटच्या दिवसावर ढकलू नका. बऱ्याच फॉर्ममध्ये ई-मेल भरला की लिंक थेट सरांकडे जाते आणि हमखास स्पॅममध्ये पडते, तेव्हा त्याच संध्याकाळी फोन करून बघायला सांगा.

विभागप्रमुखांना नाही म्हणायची गरजच नाही. आयुकाच्या अर्जाचं बघा, तिथे दुसरं पत्र मागितलं असेल तर त्यांनाही असाच कागद आणि वही न्या. अर्जाच्या पानावर काय मागितलंय ते आज रात्री नीट वाचून इथे टाका.